नगराचा संसार

मंत्रालयात कोणाचे सरकार आहे, याची आठवण लहान शहरातील सामान्य गृहिणीला वर्षातून दोन-चार वेळा होत असेल. नळाला पाणी आले की नाही, घंटागाडी गल्लीत फिरली की नाही आणि कोपऱ्यावरचा दिवा लागला की नाही, हे मात्र तिला रोज कळते. शासन नावाच्या संस्थेशी सामान्य माणसाचा जो संबंध येतो, तो बहुतांशी नगरपालिकेच्या द्वारे येतो. जन्माची नोंद तेथे होते, घराचा नकाशा तेथे मंजूर होतो, आठवडा बाजारातल्या भाजीवालीची पावती तेथील माणूस फाडतो आणि अखेरच्या प्रवासासाठी लागणारी स्मशानभूमीही तीच संस्था सांभाळते. मनुष्याच्या आयुष्याला पाळण्यापासून चितेपर्यंत स्पर्श करणारी अशी दुसरी संस्था नाही. तरीही आपल्या सार्वजनिक चर्चेत तिच्या वाट्याला येते ती केवळ कुचेष्टा, किंवा निवडणुकीच्या महिन्यातील उसना उत्साह.

डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी निवडणूक झाली. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला आणि न्यायालयीन कारणांनी लांबलेल्या काही ठिकाणी २० डिसेंबरला मतदान झाले. सर्व निकाल २१ डिसेंबरला एकत्रित जाहीर झाले. भारतीय जनता पक्ष सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि त्याचे नगराध्यक्षही सर्वाधिक निवडून आले. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांना याचा आनंद झाला असेल तर तो स्वाभाविक आहे. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणारा, भिंती रंगवणारा आणि अनामत रक्कम गमावण्याची लाज न बाळगणारा कार्यकर्ता ज्या संस्थेच्या पायरीवर अर्ज घेऊन तिष्ठत असे, त्या संस्थेच्या अध्यक्षाच्या दालनात आता त्याचा सहकारी बसला आहे. परंतु गुलाल धुऊन निघाला की उरतो तो संसार. तो नेटका चालवायचा की मागील पानावरून पुढे ढकलायचा, हा प्रश्न त्या दालनात बसलेल्याइतकाच त्याला तेथे बसवणाऱ्यांचाही आहे.

या निवडणुका किती उशिरा झाल्या, हे विसरून चालणार नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला. ही दुरुस्ती १९९२ सालची. १ जून १९९३ पासून ती अमलात आली. घटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. प्रत्यक्षात २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपत गेली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे तेथे प्रशासकांचे राज्य होते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न होता, प्रभागरचनेत वारंवार बदल झाले, हे सारे खरे. पण या काळात राज्यात दोन्ही आघाड्यांची सरकारे येऊन गेली आणि शहरांचा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती असण्यात त्यांपैकी कोणालाही विशेष अडचण वाटल्याचे दिसले नाही. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचे निर्देश द्यावे लागले. त्याहून चिंतेची बाब अशी, की समाजालाही ही उणीव फारशी बोचली नाही. नगरसेवक नसल्याने आपले काही अडले, असे किती नागरिकांना वाटले? लोकप्रतिनिधी नसण्याची सवय समाजाला लागणे हे लोकप्रतिनिधींच्या आजवरच्या कामाचे प्रगतिपुस्तकच म्हटले पाहिजे.

एके काळी हे चित्र निराळे होते. लॉर्ड रिपनने १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. ब्रिटिशांचा हेतू काहीही असो, आपल्या पूर्वसूरींनी त्या मर्यादित अवकाशाचा उपयोग राज्यकारभाराच्या शाळेसारखा केला. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. लोकमान्य टिळक तेथे निवडून गेले होते आणि नामदार गोखल्यांनी तिचे अध्यक्षपद भूषवले होते. सरदार पटेल १९२४ ते १९२८ या काळात अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. पुढे ज्या हातांनी साडेपाचशेहून अधिक संस्थाने भारतात विलीन केली, ते हात आधी एका शहराच्या गटारांचे, पाण्याचे आणि घरपट्टीच्या थकबाकीचे हिशेब तपासत होते. या थोरांना नगरपालिकेचे काम कमी प्रतीचे वाटले नाही. आज मात्र नगरसेवकपद म्हणजे आमदारकीच्या शिडीची खालची पायरी, एवढीच त्याची किंमत उरली आहे. ज्या पायरीवर पाय ठेवून वर जायचे, ती झाडून पुसून ठेवण्याची गरज कोणाला वाटणार?

नगरव्यवस्था ही केवळ इंग्रजांची देणगी आहे, हा समजही अपुरा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. रस्त्यावर केरकचरा टाकणाऱ्यास, चिखल वा पाणी साठवून मार्ग अडवणाऱ्यास किती दंड करावा, आगीपासून संरक्षणासाठी घरोघरी कोणती सामग्री ठेवावी, याचे बारकावे त्यात आहेत. २०२५ मध्ये ज्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर बांधलेले घाट, विहिरी आणि बारव ही आजच्या भाषेत नागरी सुविधांचीच कामे होत. त्यांनी ती धर्मकृत्य म्हणून केली. पाणवठा बांधणे हे पुण्यकर्म आणि तो घाण करणे हे पाप, ही जाणीव या समाजात होती. त्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्याने आपल्या गावातील ओढ्याची आज काय अवस्था आहे, हेही एकदा पाहून यावे.

नगराचा संसार चालतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय त्याविषयी बोलणे व्यर्थ आहे. पाण्याचेच घ्या. धरणातून अथवा नदीतून पाणी उचलायचे, शुद्धीकरण केंद्रात आणायचे, तुरटी आणि क्लोरीनची मात्रा द्यायची, उंच टाकीत चढवायचे आणि ठरावीक वेळी एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडून सोडायचे. या साखळीतील सर्वांत मोठा खर्च बहुधा विजेचा असतो. पंपाचे बिल थकले की वीज तुटण्याची नोटीस येते आणि मग शासनाकडे धावाधाव सुरू होते. वाटेत जलवाहिन्या गळतात, अनधिकृत जोडण्या असतात. चढावरच्या वस्तीत पाणी पोहोचत नाही, कारण उतारावरच्या घरांनी थेट नळाला मोटारी लावलेल्या असतात. या मोटारी लावणारे कोण? झोपडपट्टीतील निर्धन लोक नव्हेत. ते सुशिक्षित, पापभीरू, नियमाने देवपूजा करणारे आपल्यासारखेच लोक असतात. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून घेण्याला आपण चोरी म्हणत नाही, इतकेच.

यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो महाराष्ट्रातच सिद्ध झालेला आहे. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना प्रत्यक्षात आणली. प्रत्येक जोडणीला मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर वाढत जाईल अशी टप्प्याटप्प्याची आकारणी ठेवली. गरजेपुरते वापरणाऱ्याला कमी दर, उधळणाऱ्याला जास्त दर. चोवीस तास पाणी दिले तर लोक ते वाया घालवतील, ही भीती तेथे खोटी ठरली. पाणी केव्हाही मिळणार याची खात्री झाल्यावर कोणी साठवून ठेवीना, शिळे म्हणून ओतून देईना. मोजमाप होऊ लागल्यावर गळक्या तोट्या बदलल्या गेल्या. मोठ्या महानगरांना न साधलेली गोष्ट एका लहानशा गावाला साधली, कारण तेथील लोकप्रतिनिधींनी पाण्याला मीटर लावण्याची अप्रिय गोष्ट मतदारांना समजावून सांगण्याचे धैर्य दाखवले. त्या वेळी तेथे सत्ता कोणत्या पक्षाची होती, हा प्रश्न गौण आहे. चांगले जेथे असेल तेथून उचलावे, ही आपली रीत आहे.

अप्रिय गोष्टींचा विषय निघालाच आहे, तर घरपट्टीकडे वळले पाहिजे. नगरपरिषदेच्या हक्काच्या उत्पन्नात घरपट्टी आणि पाणीपट्टी यांचे स्थान मोठे. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावरील गैरप्रकार आणि खोळंबा पाहता ती जाणे योग्यच होते. पण तिच्या जागी आले ते शासनाचे सहायक अनुदान. रोज स्वतः कमावणारा माणूस महिन्याच्या पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसावा, तशी नगरपालिकांची स्थिती झाली. अशा वेळी स्वतःचा कर तरी नीट बसवावा आणि वसूल करावा, ही अपेक्षा चुकीची नाही. कायद्यानुसार दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी व्हावयास हवी. प्रत्यक्षात काय होते? आकारणीच्या नोटिसा घरोघरी गेल्या की मोर्चा निघतो, सर्वपक्षीय निवेदन दिले जाते, मंत्रिमहोदय स्थगिती देतात आणि चौकात त्यांच्या अभिनंदनाचा फलक लागतो. त्या फलकावर अनेकदा आपल्याही माणसांची छायाचित्रे असतात. पत्र्याच्या शेडच्या जागी तीन मजली व्यापारी संकुल उभे राहते, पण पालिकेच्या नोंदवहीत ती शेडच राहते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. ती वाढत जाऊन मुद्दलाहून मोठी झाली की माफीची मागणी पुढे येते. या साऱ्यात नुकसान होते ते वेळेवर कर भरणाऱ्या निवृत्त शिक्षकाचे. आपण मूर्ख ठरलो काय, असा प्रश्न त्याला पडतो. प्रामाणिक माणसाला आपल्या प्रामाणिकपणाची लाज वाटावी, असा कारभार करणे हा मोठा सामाजिक अपराध आहे.

स्वतःची कमाई नसली की स्वतःचे मतही राहत नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय दिले आहेत. नगरनियोजन, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, अग्निशमन, दुर्बल घटकांचे हितरक्षण, उद्याने, दहनभूमी अशी ती यादी आहे. पण हे अधिकार द्यावेत की नाहीत आणि किती द्यावेत, हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले. राज्यांनी कामे दिली, पैसा आणि माणसे मात्र आपल्या हाती ठेवली. मुख्याधिकारी राज्य शासनाचा. त्याची बदली मंत्रालयातून होते. नगरोत्थान असो वा केंद्राची अमृत योजना, बहुतेक मोठा निधी विशिष्ट कामासाठी बांधलेला असतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दशलक्षाहून कमी वस्तीच्या शहरांना जे अनुदान दिले, त्यातील ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले होते. त्यासाठी लेखापरीक्षित हिशेब लोकांपुढे मांडण्याची आणि मालमत्ता कराचे किमान दर ठरवण्याची अटही होती. अट योग्यच होती. घरातील कर्त्याने जे स्वतःहून करावयास हवे, ते बाहेरच्याला अट घालून करवून घ्यावे लागते, यातच सारे आले. सत्तेचे विकेंद्रीकरण हा पंडित दीनदयाळजींच्या चिंतनातील महत्त्वाचा सूत्रविचार. त्यांचे नाव घेणाऱ्या शासनाने तरी गल्लीतील कामाच्या फायलीसाठी नगराध्यक्षाला मुंबईच्या वाऱ्या करावयास लावू नये.

नगराध्यक्षपदाविषयी राज्याने जो खेळ मांडला, तोही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. २००१ साली जनतेतून थेट नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत आली. २००६ मध्ये ती गेली. २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. प्रत्येक वेळी कारण तात्त्विक सांगितले गेले, हिशेब मात्र पक्षीय होता. थेट निवडीचे गुण आहेतच. सारे शहर ज्याला ओळखते असा एक जबाबदार माणूस मिळतो, नगरसेवकांच्या सहली आणि घोडेबाजार टळतो. पण अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे, असे झाले की शहर ठप्प होते. अध्यक्ष विषयपत्रिका काढतो, बहुमत विषय फेटाळते आणि वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो. त्यात द्विसदस्य प्रभागाची भर. गटार तुंबल्याची तक्रार घेऊन नागरिक गेला की एक सदस्य दुसऱ्याकडे बोट दाखवतो. संस्थेचे नियम दर चार-पाच वर्षांनी बदलत असतील, तर त्या संस्थेत परंपरा रुजणार कशी? आणि परंपरा नसलेल्या घरात प्रत्येक नवी पिढी पुन्हा पहिल्यापासून चुका करते.

कारभाराचा खरा कस लागतो तो सर्वसाधारण सभेत आणि अर्थसंकल्पात. फेब्रुवारीअखेर पुढील वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर व्हावा लागतो. शहराच्या वर्षभराच्या संसाराचा तो आराखडा. पण अनेक ठिकाणी तो काही मिनिटांत, न वाचता मंजूर होतो. जमेच्या बाजूला कधीही न येणारी रक्कम फुगवून लिहायची, म्हणजे खर्चाच्या बाजूला सर्वांची कामे घालता येतात, ही हातचलाखी आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. मग येतात कामांचे तुकडे. एका रस्त्याचे पाच भाग करायचे, म्हणजे मोठी निविदा काढावी लागत नाही आणि पाच जणांची सोय होते. मे महिन्यात केलेले डांबर जुलैत वाहून जाते. लेखापरीक्षणात आक्षेप निघतात, ते वर्षानुवर्षे अनुपालनाविना पडून राहतात. टक्केवारी हा शब्द आता लाजेने कुजबुजत उच्चारला जात नाही, तो दरपत्रकासारखा बोलला जातो. या रोगाची लागण पक्ष पाहून होत नाही. सत्तेच्या खुर्चीवर संस्काराचे कवच आपोआप चढते, असा भ्रम ज्यांना असेल त्यांनी तो लवकर दूर करावा. संस्कार हे रोज घासून लख्ख ठेवायचे भांडे आहे. न घासल्यास त्यावरही कळकट चढतो.

स्वीकृत सदस्यांची तरतूद हे याचे छोटे उदाहरण. नगर प्रशासनाचे विशेष ज्ञान वा अनुभव असलेल्या व्यक्तींचा लाभ सभागृहाला मिळावा, हा तिचा उद्देश. निवृत्त अभियंता, डॉक्टर, जुना मुख्याध्यापक, पाण्याचा अभ्यासक अशी माणसे प्रत्येक गावात असतात. ती निवडणूक लढवणार नाहीत, पण सन्मानाने बोलावल्यास वेळ देतील. त्यांच्या जागी निवडणुकीत पडलेल्यांचे पुनर्वसन होते. महिलांच्या ५० टक्के आरक्षणाचेही तसेच. २०११ पासून निम्म्या जागा भगिनींना मिळाल्या. त्यांच्यापैकी अनेकींनी पाणी, आरोग्य, अंगणवाडी या विषयांत पुरुष सदस्यांना मागे टाकले. पण नगरसेविकेच्या नावाच्या पाटीखाली तिचे यजमान बसलेले आणि सभेतही मागून सूचना देत असलेले, हे दृश्य अद्याप दुर्मीळ झालेले नाही. मातृशक्तीचा गौरव भाषणात करणाऱ्यांनी आपल्या शहरात तरी हे चालू देता कामा नये.

नगराच्या या संसारात सर्वांत कष्टाचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो. पहाटे सहाला आरोग्य कोठीवर मुकादमापुढे हजेरी लावून जो सफाई कामगार गटारात उतरतो, तो आज बहुधा नगरपालिकेचा कर्मचारीही नसतो. ठेकेदाराचा माणूस असतो. वेतन केव्हा होईल याची शाश्वती नाही, भविष्य निर्वाह निधी भरला जातो की नाही याची माहिती नाही, हातमोजे आणि बूट छायाचित्रापुरते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर २०१३ च्या कायद्याने बंदी आली. तरी भूमिगत गटारात आणि मैल्याच्या टाकीत गुदमरून माणसे मरतच राहिली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली. त्यात मरणारे बहुतेक कोणत्या समाजातील असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. समरसतेचा विचार आपण व्यासपीठावरून मांडतो. त्याची परीक्षा नगरपालिकेच्या आरोग्य कोठीवर होते. सत्ता हाती असताना जर सफाई कामगाराला यंत्र, संरक्षक साधने आणि महिन्याच्या महिन्याला वेतन मिळाले नाही, तर समरसता हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

येथे महाडची आठवण अपरिहार्य आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले करावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात मांडला आणि तो संमत झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पाणी मात्र कोणी प्यायले नाही, कारण पिऊ दिले गेले नाही. कागदावरचा तो ठराव जिवंत करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे महाडचे सवर्ण सहकारी त्यांच्यासोबत उभे राहिले. पण सनातन्यांच्या दडपणापुढे नमून त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका गावच्या नगरपालिकेचा एक ठराव, आणि त्याभोवती देशाच्या सामाजिक इतिहासाचे पान लिहिले गेले! हिंदू समाजाला अंतर्मुख करणारे हे पान दोन गोष्टी शिकवते. नगरपालिकेचा ठराव क्षुल्लक नसतो आणि अंमल न होणारा ठराव हा नसलेल्या ठरावाहून वाईट असतो, कारण तो न्याय झाल्याचा आभास निर्माण करतो.

आजही प्रत्येक नगरपरिषदेच्या कार्यवृत्तात असे न अंमलात आलेले ठराव शेकड्यांनी सापडतील. प्लास्टिकबंदीचा ठराव, मोकाट जनावरांचा ठराव, नदीत सांडपाणी न सोडण्याचा ठराव. या उलट सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याकडे पाहावे. बारा हजारांच्या आसपास वस्तीची ही छोटी नगरपरिषद. तिने घरातच कचरा वेगळा करण्याची शिस्त लावली. ओला आणि सुका एवढ्यावर न थांबता वीसहून अधिक प्रकारांत कचऱ्याचे वर्गीकरण केले, ओल्या कचऱ्यापासून गॅस निर्माण केला, प्लास्टिकचा उपयोग रस्त्यांसाठी केला आणि जेथे नाक धरून जावे लागे त्या कचराभूमीचे लोकांनी पाहावयास यावे असे स्थळ केले. यासाठी लागले काय? चिकाटीचा मुख्याधिकारी, त्याला अडथळा न करणारे सभागृह आणि रोज कचरा वेगळा करण्याचा कंटाळा न करणारे नागरिक. तिसरा घटक नसता, तर पहिले दोन काहीही करू शकले नसते. कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांनी महाराष्ट्राला शिकवले ते हेच. त्यांचे पुतळे उभारणे सोपे आहे, खराटा उचलणे कठीण.

तेव्हा प्रश्न उरतो तो कार्यकर्त्याने आता काय करावे हा. निवडून आलेला आपला आहे, म्हणून त्याला प्रश्न विचारू नयेत, ही निष्ठेची चुकीची कल्पना आहे. आई मुलाची वही तपासते ती शत्रुत्वाने नव्हे. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा नागरिकांना पाहता येते. प्रत्येक शाखेच्या, वस्तीच्या कार्यकर्त्यांपैकी दोघा-तिघांनी तेथे नियमाने बसावे. अर्थसंकल्पाची प्रत मिळवावी, त्यातील जमा आणि खर्च गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहावा. आपल्या प्रभागातील रस्त्याचे काम किती रकमेचे, ठेकेदार कोण, हमी किती वर्षांची, हे विचारावे. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. तो धमकावण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी वापरावा. आणि हे सारे करण्यापूर्वी आपली स्वतःची घरपट्टी भरलेली असावी, नळाला मोटार नसावी, जिना रस्त्यावर आलेला नसावा आणि घरातील ओला-सुका कचरा वेगळा होत असावा. ज्याच्या दारात अतिक्रमण आहे, त्याने चौकातील हातगाडीवाल्याविरुद्ध निवेदन देऊ नये.

निवडून आलेल्या बंधु-भगिनींकडूनही काही अपेक्षा आहेत. रामभाऊ म्हाळगी लोकप्रतिनिधी म्हणून आपल्या कामाचा अहवाल दरवर्षी मतदारांपुढे लेखी ठेवत. त्यासाठी त्यांना कोणत्या कायद्याची गरज पडली नाही. प्रत्येक नगरसेवकाने वर्षाखेरीस आपल्या प्रभागात असा लेखाजोखा मांडावा. झालेली कामे, न झालेली कामे आणि ती का झाली नाहीत याची कारणे. आपल्या घरातील वा नात्यातील कोणी नगरपालिकेचा ठेका घेणार नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी जाहीर करावे. नातलगाला ठेका मिळाला की कायद्याच्या पळवाटा शोधाव्या लागतात, न मिळाला तर झोप शांत लागते. विरोधी बाकावरील सदस्याचा प्रभागही त्याच शहराचा भाग आहे, त्याच्या मतदारांनीही घरपट्टी भरलेली असते, हे निधी वाटताना ध्यानात ठेवावे. प्रतिस्पर्ध्याला मत दिले म्हणून एखाद्या वस्तीचे पाणी उशिरा सोडणे हे राजकारण नव्हे, अधर्म आहे.

लोकांनी जी संधी दिली आहे, ती पाच वर्षांसाठी आहे. पहिल्या वर्षी ती खूप दीर्घ वाटते, चौथ्या वर्षी ती हातातून निसटलेली असते. या काळात प्रत्येक शहराला भव्य प्रवेशद्वार, कारंजे वा संगीताच्या तालावर नाचणारे दिवे मिळाले नाहीत तरी चालेल. चढावरच्या शेवटच्या घरात पुरेशा दाबाने पाणी पोहोचले, जूनपूर्वी नाले खरोखर साफ झाले, मुलींच्या शाळेतील स्वच्छतागृहाला दार आणि पाणी मिळाले, सफाई कामगाराचे वेतन दहा तारखेच्या आत झाले आणि दाखला काढण्यासाठी आलेल्या वृद्धेला बसायला खुर्ची व त्याच दिवशी दाखला मिळाला, तरी त्या नगरात राज्य बदलल्याची साक्ष पटेल. राष्ट्राचे परमवैभव ही दूरची गोष्ट नाही. ते ज्या वाटेने यावयाचे, त्या वाटेवर प्रत्येक गावच्या नगरपालिकेची पायरी आहे. ती स्वच्छ ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे आले आहे, त्यांनी ते आजच हाती घ्यावे; आणि ज्यांनी त्यांना ते सोपवले आहे, त्यांनी पायरीवर उभे राहून लक्ष ठेवावे.